पाय न टेकवता

आयटीआय चौकात सकाळी सव्वानऊला सिग्नल सुटला आणि पंचशीलाच्या सायकलचं हँडल पुढच्या चाकासकट निखळून तिच्या हातात आलं. सीट, मागचं चाक आणि ती स्वतः मागेच राहिली. वेग नव्हता म्हणून पडली नाही. डावा पाय आपसूक डांबरावर गेला आणि ती उभी राहिली. मागच्या ऑटोवाल्याने हॉर्न वाजवायचं सोडून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "उतरा आता मॅडम, काय राह्यलं हाय तिच्यात?" त्यात चिडण्यासारखं काही नव्हतं. पण 'उतरा' हा शब्द तिच्या कानात दिवसभर बसून राहिला. तिने दोन्ही तुकडे रस्त्याच्या कडेला नेले आणि आधी तुटलेली जागा पाहिली. धातू करडा, दाणेदार, आणि वेल्ड नुसतं वरवर बसलेलं, आत शिरलेलंच नाही. एखाद्या पोराने असा जॉब करून आणला असता तर तिने तो न बोलता परत दिला असता. एकोणीस वर्षं ती आयटीआयमध्ये फिटर शिकवत होती. शिल्प निदेशिका असं तिच्या खुर्चीमागे पाटीवर लिहिलेलं होतं. आणि डॉक्टरांनी शुगर सांगितल्यावर दुकानातून रंग बघून सायकल उचलून आणली होती तिनेच. याची लाज तिला पडून गुडघा फुटला असता त्यापेक्षा जास्त लागली.

संध्याकाळी ती संगमेश्वरअप्पांच्या दुकानात गेली. अप्पा मूळचे उदगीरकडचे, साठी ओलांडलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ग्रीसचे. त्यांनी तुकडे बघितले आणि तोंडाने नुसतं च्च केलं. वर छताला एक फ्रेम टांगलेली होती, काळी, बारीक नळ्यांची. त्यावर तिचे डोळे गेलेले त्यांना दिसले. "ती एका पोरानं मागवली हुती. पोरगं पुण्याला गेलं शिकायला, फ्रेम इथंच राह्यली. तिला फ्रीव्हीलच न्हाई मॅडम. पाय फिरला की चाक फिरतं, पाय थांबला की चाक थांबतं. पायडल उलटं मारलं तर सायकल मागं जाते. तुमचं काम न्हाई ते." अप्पांनी ती खाली काढून स्टँडवर लावली, नमुन्याचं चाक चढवलं आणि तिने हाताने पायडल उलटं फिरवलं. चाक निमूटपणे उलटं फिरलं, टिकटिक न करता. ती न वाजणारी टिकटिक तिने चाळीस वर्षांपूर्वी ऐकली होती, असं म्हणणं विचित्र आहे, पण तिला वाटलं ते असंच. ती म्हणाली, "अप्पा, अशी एक माझ्या घरी हाय." अप्पा हसले. ती हसली नाही.

घरी जिन्याखाली ती सायकल नऊ वर्षं उभी होती. डबल नळीची, म्हणजे वरच्या दांड्याखाली आणखी एक दांडा असलेली. दूधवाले आणि सिलिंडरवाले वापरायचे तसली. आबांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी ती नायगावहून टेम्पोत घालून पाठवली होती आणि बरोबर निरोप, तुझ्याकडं राहू दे. पंचशीला तिच्यावर पायपुसणी वाळत घालायची. आबा, म्हणजे तिचा बाप नरसिंग, उन्हाळ्यात गावोगाव जाऊन सात दिवस सायकल चालवायचा. मैदानात चुन्याचं रिंगण आखायचं, मध्ये खांबाला कर्णा बांधायचा, आणि सात दिवस सात रात्री खाली उतरायचं नाही. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, डोक्यावर बादली ओतून अंघोळ सायकलवर. त्यांचा जोडीदार भुजंग माईकवर बोलत राहायचा आणि ताट फिरवायचा. औशाच्या मैदानातला एप्रिल तिला सगळ्यात जास्त आठवतो. ती नऊ वर्षांची, चौथीची परीक्षा झालेली, भाकरीचं फडकं घेऊन रिंगणाच्या कडेला उभी. आबा वळून आले की तिने चतकोर द्यायचा, पुढच्या फेरीला कांदा. चौथ्या संध्याकाळी आबा सायकल जागच्या जागी उभी करायचे. वीतभर पुढे, वीतभर मागे, पाय पायडलवरच, आणि भुजंग माईकवर आकडे मोजायचा, सगळं मैदान मोजायचं, शंभरपर्यंत. ती सगळ्यांत मोठ्याने मोजायची. गावातल्या बायका पाणी आणायच्या, दूध आणायच्या, मोठ्या घरातल्यासुद्धा. सायकलला आबांचा स्वतःचा तांब्या टांगलेला असायचा. त्या बरोबरीने चार पावलं चालायच्या आणि उंचावरून धार त्या तांब्यात सोडायच्या. हातात का देत नाहीत, असं तिने एकदा विचारलं होतं. "सायकल थांबत न्हाई नं माय," आबा म्हणाले होते. "हातात द्यायला जमत न्हाई त्यांला." सातव्या दिवशी नारळ फुटायचा, कुणीतरी पुढारी झेंडूचा हार आणायचा आणि तो हँडलला घालायचा. मगच आबा पाय टेकवायचे. हार हँडलला का, याचंही उत्तर आबांकडे तयार होतं. त्यांला सोपं पडतं, आणि सायकलीचा मान असतो. तिला ते उत्तर इतकं आवडलं होतं की शाळेत तिने ते सगळ्यांना सांगितलं होतं.

आता आबा एक्याऐंशीचे होते. भावाची पोरं त्यांच्या सात दिवसांना हसायची, वाईट मनाने नव्हे, पण हसायची. गेल्या दिवाळीत तिने विषय काढला तर आबांनी हात झटकला, सोड माय, पोटापाण्याचं काम हुतं ते. हे हात झटकणं तिच्या मनातून जात नव्हतं. ज्या माणसासाठी औसा, किल्लारी, निलंगा इथल्या मैदानांनी श्वास धरून आकडे मोजले, तो स्वतःच ते केराच्या टोपलीत टाकत होता. त्या रात्री, तुटलेली सायकल दारात आणि आबांची जिन्याखाली, तिने ठरवलं. नांदेड ते नायगाव, पन्नासेक किलोमीटर, पाय न टेकवता जायचं, आणि आबांच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं. नवऱ्याला, तो परभणीहून शनिवारी आला तेव्हा, तिने फोड करून सांगितलं. तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, हेल्मेट घाल.

आता फ्रेम कोणती, हा प्रश्न होता, आणि तो तिने भावनेवर सोडला नाही. पोरांना ती पहिल्याच तासाला सांगायची की लोखंडाला आपली माया कळत नाही, मोजमाप कळतं. अप्पांची काळी फ्रेम तिने दोन दिवसांसाठी मागून आणली आणि वर्कशॉपच्या टेबलावर दोन्ही शेजारी ठेवल्या. काळी हातात घेतली की हसू यावं इतकी हलकी, सांधे गुळगुळीत, सरळपणा चोख. तिच्यात खोट काढता येईना, आणि पंचशीलाला ती आवडली, हे तिने स्वतःशी कबूल केलं. मग आबांची. मागचं चाक बसतं त्या खाचेपासून हँडलखालच्या गळ्याभोवती दोरा ताणून परत मागे आणला आणि दोन्ही बाजूंना दोरा आणि सीटची नळी यांच्यातलं अंतर मोजलं. सात गावांत नाही तर सतरा गावांत डावीकडे वळत राहिलेली सायकल एका मिलिमीटरने वाकडी होती. एका. मग तिने सांध्यांवरचा रंग खरवडला. वर हिरवा, त्याखाली लाल, त्याखाली पुन्हा हिरवा, आणि तळाशी निळा, आबांनी पहिल्यांदा दिलेला. प्रत्येक सांध्याला रॉकेल लावलं, पुसलं, वर खडूची पूड भुरभुरवली आणि खुर्ची ओढून बसली. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. अर्धा तास ती त्या पांढऱ्या सांध्यांकडे बघत बसली. रेघ उमटली नाही. एकाही सांध्याला नाही. नळीवर बोटाने टिचकी मारली तर स्वच्छ, लांब आवाज आला. सात सात दिवस एक माणूस, त्याच्या पुढच्या दांड्यावर कधी एक पोरगी, आणि खालचं ढेकळांचं मैदान, हे सगळं या पितळ ओतून जोडलेल्या सांध्यांनी पेललं होतं. तिने काळी फ्रेम अप्पांना परत नेऊन दिली. आबांची फ्रेम जोडणाऱ्या कुठल्याशा अनोळखी लोहाराच्या, कारखान्यातल्या कामगाराच्या हाताचा अभिमान तिला आपल्या माणसाचा वाटावा तसा वाटला.

गंज फक्त एका ठिकाणी होता. हँडलवर, मधोमध आणि दोन्ही बाजूंना, जिथे हार पडून राहतो तिथे. ओली झेंडूची फुलं दिवस दिवस तिथे लटकत राहिली असणार, आबा ती काढायचे नाहीत. पुढच्या गावापर्यंत वाळलेला हार तसाच यायचा. निकेल खाऊन लोखंडाला बारीक खड्डे पडले होते. तिने ते घासले नाहीत. वर नुसतं पारदर्शक लाखेचं पाणी दिलं, कारण हा मानाचा गंज होता, आणि तो दिसायला हवा असं तिला वाटलं.

जुळवणीला सहा आठवडे गेले. मडगार्ड, कॅरिअर, साखळीचं कव्हर सगळं काढून टाकलं आणि सांगाडा उघडा झाला तेव्हा डबल नळी कशी ताठ दिसते ते तिला पहिल्यांदा कळलं. गळ्याच्या वाट्या आणि छर्रे नवे, पुढचं चाक धरणारा चिमटा तोच, फक्त सरळ करून घेतलेला. मागच्या चाकाला अप्पांनी नवे आरे विणले आणि चाक डुलत होतं ते एका संध्याकाळी बसून सरळ केलं. फ्रीव्हीलपाशी मात्र दोघांचं वाजलं. आबांनी ते वेल्डिंगने कायमचं बंद करून हबलाच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यालाच, जोडलेलं होतं. त्यामुळे ते सुटत नव्हतं आणि फिरतही नव्हतं, आणि आता दाते झिजल्याने हबसकट नवं बसवायला हवं होतं. अप्पा म्हणाले, आता त्यासाठी तयार हब मिळतो, आट्यांचा, उलट्या आट्यांच्या कड्याने आवळायचा. ती म्हणाली, वेल्ड मी करणार. "मॅडम, ते काढता येत न्हाई नंतर." "काढायचंय कुणाला अप्पा?" अप्पांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हाव, मग करा. म्या बघतो." तिने वर्कशॉपात, दुपारच्या सुट्टीत, पोरं डबे खात असताना तो वेल्ड केला. हात हलला नाही. अप्पांनी थंड झाल्यावर त्यावरून नख फिरवलं, आणि नख कुठेच अडलं नाही. पुढच्या चाकाला एक ब्रेक मात्र त्यांनी बळजबरीने बसवला, आणि ते बरंच झालं.

मग चालवणं. पहिल्या दिवशी तिने सवयीने पाय थांबवला आणि सायकलने तिला सीटवरून वर उचललं. पाय थांबवायचाच नाही, ही एक गोष्ट शरीराला शिकवायला पंधरा दिवस लागले. त्यानंतर उभं राहायला शिकणं. आयटीआयच्या मागच्या मैदानात, संध्याकाळी पाचनंतर, हँडल थोडं डावीकडे, वीतभर पुढे, वीतभर मागे. पोरं भिंतीवर बसून बघायची. पाच मोजेपर्यंत, मग बारा, मग वीस. सेहेचाळिसाव्या वर्षी मांड्या अशा थरथरत की जिना चढताना कठडा धरावा लागे. एका बुधवारी ती उभी राहिली आणि उभीच राहिली. सायकल तिच्याखाली शांत झाली. वारा नव्हता, पोरं बोलायची थांबली होती. त्यांच्यातल्या सत्यमला वाटलं मॅडमना तहान लागली असेल, तो भिंतीवरून उडी मारून आला, पाण्याची बाटली तिच्या हातात दिली, आणि ती पाणी प्यायली. पाय पायडलवरच. एक थेंब सांडला नाही.

बाटली परत देताना तिला ते कळलं. असं कळलं की तिने पाय टेकवला आणि पुढे जाऊन भिंतीशी बसली. आबांना उभं राहता येत होतं. शंभर मोजेपर्यंत. औशाच्या त्या सगळ्या बायकांना, तो हार आणणाऱ्या पुढाऱ्याला हे माहीत होतं, त्यांनी स्वतः मोजलं होतं. मग धार उंचावरून का? तांब्या वेगळा का? हार आणला तेव्हा तर आबा रिंगणाच्या मध्ये थांबलेलेच असायचे, मान किंचित पुढे करून; ती मान तिला आता स्पष्ट दिसली, दिव्याच्या माळेखाली, घामाने चमकणारी, पुढे आलेली, आणि हार मानेपर्यंत न येता खाली हँडलवर पडलेला. बौद्ध माणसाच्या गळ्याला आपली बोटं लागू नयेत, एवढंच होतं ते. आणि आबांनी त्यावर एक गोष्ट रचून आपल्या पोरीच्या हातात दिली, आणि पोरीने ती शाळेत मिरवली, आणि आता मोठेपणी त्या गंजावर लाख चढवली. तिला राग आला, आधी स्वतःचा, मग औशाच्या मैदानाचा. भिंतीवरची पोरं चुळबुळत होती. मॅडम का रडतात ते त्यांना कळेना. घरी जाऊन तिने पान्हा घेतला आणि हँडल काढलं. दुसऱ्या दिवशी अप्पांकडून साधं, सरळ, नवं हँडल आणून बसवलं. जुनं भंगारात दिलं नाही, पण पुन्हा बघितलंही नाही. आणि रात्री आडवी झाली तेव्हा रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, जे सकाळपर्यंत वर आलं. एका गावात मान पुढे करून ती रिकामी परत घेणारा माणूस पुढच्या गावात पुन्हा सायकलवर बसला होता. सात दिवस खाली न उतरता. असा बाप तिचा होता, आणि त्याच्या पायांची ताकद तिच्या पायांत अजून होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी साडेपाचला ती निघाली. भावाला, आदर्शला, तिने आदल्या दिवशी फोन केला होता. आबांना काय सांगायचं ते त्याच्यावर सोडलं होतं. गोदावरीच्या पुलावर अजून अंधार होता आणि गार वारा. सिडकोच्या सिग्नलला ट्रकशेजारी उभी राहिली, वीतभर पुढे, वीतभर मागे. क्लीनर वरून बघत होता आणि सिग्नल सुटल्यावरही ट्रक हलला नाही. उजाडलं तशी दोन्हीकडे हरभरा दिसायला लागला. पाय थांबवायचे नाहीत, चढ असो की उतार. उतारावर तर पाय सायकलच फिरवते, आपण नुसतं धरून राहायचं. कृष्णूरच्या पुढे मेंढ्या रस्त्यावर आल्या, शे-दीडशे, आणि मेंढपाळाला काही घाई नव्हती. जागच्या जागी उभं राहून मांड्या पेटल्या. पाय टेकवला तर कुणाला कळणार आहे, असं एकदा मनात आलं. आबांनाही रात्री दोन वाजता, मैदानात कुत्रं नसताना, हेच मनात आलं असेल, सतरा गुणिले सात रात्री. शेवटची मेंढी गेली आणि ती निघाली.

नायगावात भावाच्या घरासमोर अंगण शेणाने सारवलेलं होतं. आबा बाजेवर बसलेले, धुतलेला सदरा, टोपी. ती फाटकातून आत आली आणि बाजेभोवती एक फेरी घेतली. आबांनी मान आवाजाच्या दिशेने वळवली.

"टिकटिक न्हाई," ते म्हणाले. "बंद केलंस व्हय फ्रीव्हील?"

"हाव आबा. म्याच केलं वेल्ड."

"उतरू नको. इकडं ये."

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, वीतभर पुढे, वीतभर मागे. आबा काठी टेकत उठले. "पाय टेकवला का कुठं?"

"न्हाई."

"कृष्णूरला मेंढरं असत्यात या वक्ताला."

"हुती. उभी राह्यले."

"किती मोजलं?"

"मोजलं न्हाई आबा."

"मोजावं माय. मोजलं की मांडी थरथरत न्हाई." त्यांचा हात दांड्यावर आला, मग खालच्या दांड्यावर, गळ्यावरच्या सांध्यावर, आणि वर सरकून हँडलवर थांबला. बोटं पुढेमागे फिरली. "हे नवं हाय."

"हाव. जुन्याला गंज चढला हुता."

"चढंल न्हाई तर काय. सतरा गावचे हार पडले त्याच्यावर."

"म्हून तर काढलं," ती म्हणाली.

आबांचा हात हँडलवर तसाच राहिला. दारात आदर्श, त्याची बायको विशाखा आणि हसणारी पोरं उभी होती. आता कुणी हसत नव्हतं. आबांच्या तोंडाची हालचाल झाली, जुनी तयार गोष्ट येते की काय असं तिला वाटलं, पण आली नाही. त्यांनी मागे न बघता हात लांब केला. "विशाखा, आन गं ते."

विशाखाने हार आणला, पिवळ्या झेंडूचा, पहाटे ओवलेला, पाणी मारलेला. तो बघताच पंचशीलाने हँडल आबांकडे वळवलं. लहानपणी आबांचं बघून लागलेली सवय होती, विचार करायला वेळ नव्हता. आबांनी हार दोन्ही हातांत पेलला आणि त्यांचे हात हँडलच्या वरून पुढे आले, चाचपडत, तिच्या खांद्याला लागले, कानाला लागले, हेल्मेटच्या पट्ट्याशी अडखळले.

"सायकलीला कशाला?" ते म्हणाले. "चालवली कुणी?"

हार तिच्या गळ्यात पडला, गार आणि ओला. आबांची बोटं तिच्या मानेवर होती, ती त्यांनी लगेच काढली नाहीत. तिने मनात मोजायला सुरुवात केली आणि खरंच, मांडी थरथरायची थांबली. शंभर झाले तेव्हा तिने पाय टेकवला.